भाव सांगावा की नाही

वऱ्हाडात जुनी वस्तू घराबाहेर पडायचे रस्ते तीन. दिवाळीची झाडझूड, भावाभावांतली हिस्सेवाटणी आणि भंगारवाल्याची सायकल. तांब्याचा बंब, पितळी समई, सागवानी झोपाळा, कापूस मोजायचा जुना काटा, सारं याच वाटांनी गेलं. चावीचा ग्रामोफोन गेला तोही असाच. गावात त्याला ग्रामोफोन फारसं कोणी म्हणत नसे. 'फोनो' म्हणत, नाहीतर सरळ 'चावीचा बाजा'.

या बाजांच्या मागे मी बरीच वर्षं फिरलो. जमवणारा म्हणून नाही. माझ्या घरात आजही एकच आहे. मला तुटलेली स्प्रिंग काढून दुसरी बसवता येते, गोठलेलं ग्रीस खरवडता येतं, म्हणून जमवणारे लोक मला सोबत नेत. अमरावती-अकोल्याकडचे पडके वाडे, जिनिंगवाल्यांचे जुने बंगले, शाळेच्या अडगळीच्या खोल्या असं पुष्कळ पाहणं झालं. त्या फिरण्यात एक प्रश्न मागे लागला. तो यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. समोरच्याच्या घरात काय पडलंय हे आपल्याला कळतं आणि त्याला कळत नाही; अशा वेळी वस्तू घेताना त्याला खरा भाव सांगायचा की नाही?

आधी वस्तू ओळखून घेऊ, कारण प्रश्न ओळखण्यातूनच निघतो.

एडिसननं १८७७ साली आवाज धरला तो कथलाच्या वर्खावर, फिरत्या नळीवर. त्या यंत्राचं नाव फोनोग्राफ. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनरनं चपट्या तबकडीची युक्ती काढली. तिचं यंत्र ते ग्रामोफोन. नळीवाला फोनोग्राफ आपल्याकडं क्वचित. लोकांनी पाहिला तो तबकडीचा बाजा. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजानचं गाणं भरून घेतलं. १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्या छापायचा कारखाना निघाला. वऱ्हाडात पैसा होता तो कापसाचा, आणि मुंबईची रेल्वे १८६७ मध्येच नागपुरापर्यंत गेलेली होती. रुईच्या गठाणी मुंबईला जात. परतीच्या गाडीनं शिवणयंत्र, भिंतीवरची घड्याळं, काचेच्या हंड्या आणि मागाहून हा बाजा येई.

तबकडी लाखेची. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या बारीक किड्याची राळ. तीत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं, मिनिटाला ७८ फेरे. त्यातली दगडाची भुकटी सुईला घासून खाचेच्या मापाची करते, म्हणून दर बाजूला नवी सुई लावावी असा नियम. गावात तो कोण पाळतो? एका सुईवर अख्खं लग्न निघे. सुया संपल्या की कोणी बाभळीचा काटा लावून पाही. हसू नका, विलायतेतले शौकीनही काट्याच्या सुया वापरत.

बाजा वाजे तो पाटलाच्या, देशमुखाच्या, नाहीतर सावकाराच्या वाड्यात. त्या ओसरीवर सगळ्या गावाला जागा नव्हती, हे सांगायला लाज वाटली तरी खरं आहे. काही माणसं ओसरीवर बसत, काही ओट्याखाली, आणि काहींना रस्त्यापलीकडून ऐकावं लागे. कर्ण्याला मात्र एवढा भेद करता येत नव्हता. बालगंधर्वांचा, मास्टर दीनानाथांचा, हिराबाई बडोदेकरांचा आवाज भिंत ओलांडून जाई. चावी फिरवायला बहुधा सालदाराचा पोरगा असे. मूर्तिजापूरकडच्या एका म्हाताऱ्या सालदारानं मला सांगितलं होतं, "गानं कोन म्हनते थे मले नव्हतं मालूम. पन चावी किती फिरवाची थे मालूम होतं. जास्त फिरोली का पाटील बोंबलत." बाजा पाटलाच्या पैशाचा होता, पण त्या बाजाची आठवण एकट्या पाटलाच्या मालकीची नव्हती. हेही मनात राहू द्या, पुढं लागेल.

आता खरं-खोटं. आजकाल शहरात जुन्या वस्तूंच्या दुकानात पिवळाधमक पितळी कर्णा लावलेला, अष्टकोनी पेटीचा, कुत्र्याच्या चित्राचा बाजा दिसतो. दिसायला असा की सिनेमातून उचलून आणलाय. यातले पुष्कळ अलीकडचे, जोडून केलेले. पोटातलं मशीन एखाद्या मोडक्या सुटकेस-ग्रामोफोनातून काढलेलं, पेटी नवी, कर्णा पातळ पत्र्याचा. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. कर्ण्याचा सांधा पाहावा. खडबडीत झाळ दिसली की शंका घ्यावी. जुने पितळी कर्णेही असत, पण रंग दिलेले लोखंडी पत्र्याचे, फुलाच्या पाकळ्यांसारखे कर्णेही पुष्कळ होते. कर्णा ज्यावर बसतो ते मागचं ओतीव धोंगड अस्सल यंत्रात जड आणि सफाईचं असतं. पेटीचे स्क्रू पाहावेत. चार खाचांचा स्क्रू १९३० नंतरचा, तो '१९१० च्या' पेटीत कसा आला? आणि झीज पाहावी. माणसाचा हात जिथं रोज लागतो तिथंच वस्तू झिजते. चावीच्या भोकाची कड, झाकणाचा कोपरा, ब्रेकची कळ. सगळीकडं सारखी जुनी दिसणारी वस्तू वापरानं जुनी झालेली नसते, कोणीतरी ती जुनी केलेली असते.

उलट आपल्या खेड्यांतून खरोखर जे सापडे ते दिसायला साधं. काळ्या रेक्झिनची सुटकेस, आत चावी अडकवलेली, कर्णा पेटीच्या पोटात दडलेला. हिज मास्टर्स व्हॉइसचं '१०२' हे मॉडेल १९३१ पासून निघालं आणि बरीच वर्षं चाललं. भंगारवाला ते पाहून म्हणतो, "हे त पेटी हाये निस्ती." त्याला कर्णा दिसत नाही ना! म्हणजे गंमत अशी की जे खोटं आहे ते लाखमोलाचं वाटतं आणि जे खरं आहे ते भंगार वाटतं.

अशीच एक पेटी दर्यापूरकडच्या एका गावात निघाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अमरावतीचे माझे एक स्नेही जमवणारे. बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस, तबकडी हातात घेताना आधी हात धुणारे. वाडा पडका, अर्ध्या भागावर पत्रे, आत एकटी म्हातारी काकू. मुलगा पुण्याला. काकूनं फळीवरून पेटी उतरवली. '१०२' होतं. स्प्रिंग अडकलेली, पण बाकी शाबूत. सोबत सुयांची डबी आणि कागदी पाकिटांतल्या वीसपंचवीस तबकड्या. स्नेह्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी ओळखलं. काकू म्हणाली, "न्या ना बाप्पा. मले कायले पाह्यजे? भंगारवाला तीनशे देत होता, तुमी चारशे द्या."

स्नेह्यांनी पाकिटाला हात घातला. तेवढ्यात काकू माझ्याकडं वळली. "मास्तर, तुमी सांगा. चारशे बराबर हाये ना? लुबाडत त नाई ना मी तुमाले?"

लुबाडत त नाई ना मी तुमाले! मी म्हणालो, "काकू, हा बाजा चालू झाला तर शहरात सात-आठ हजार येतील. तबकड्यांचे वेगळे. त्यातल्या दोन-चार तर जमवणारे शोधत असतात."

काकू पेटीकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "असं हाये का? मंग त राहू द्या सध्या. पोट्टा आला का इचारीन त्याले." मी सांगितलं, तबकड्या उभ्या ठेवा, ओल लागू देऊ नका, पेटी जमिनीवर ठेवू नका. तिनं चहा केला. आम्ही निघालो.

परतीला मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला होती. ज्यांनी त्या गाडीनं प्रवास केलाय त्यांना माहीत आहे की भांडण करायला तिच्याइतकी सवड दुसरी कोणतीही गाडी देत नसे. स्नेही रागावले नव्हते, दुखावले होते. त्यांचं म्हणणं तीन कलमांचं होतं, आणि तिन्हींत दम होता.

पहिलं, "मास्तर, हे ओळखायला मला वीस वर्षं लागली. पुस्तकं घेतली, मुंबईला खेपा घातल्या, दहादा फसलो. डॉक्टर त्याच्या ज्ञानाची फी घेतो. माझ्या ज्ञानाची फी म्हणजे हा फरक." दुसरं, "काकू चारशेत खूश होती. तिचं काय नुकसान झालं असतं?" आणि तिसरं, सगळ्यात भारी, "मी नेलं असतं तर ते वाजलं असतं. आता तिथं वाळवी खाईल. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वाद्यं गोळा केली. प्रत्येक घरी शहरातला भाव सांगत बसले असते तर संग्रहालय झालं असतं का?"

केळकरांनी कोणाला काय सांगितलं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना या भांडणात साक्षीला ओढण्यात अर्थ नव्हता. एवढं मात्र खरं की १९६२ मध्ये त्यांनी आपला सारा संग्रह सरकारच्या हवाली केला. स्वतःच्या दिवाणखान्यासाठी जमवणं आणि गावासाठी जमवणं यांत अंतर आहे. पण गावासाठी जमवतो म्हणून काकूला अंधारात ठेवायची मुभा मिळते का? मला तसं वाटलं नाही.

मला त्या गाडीत जातककथा आठवली, सेरीवाणिज जातक. एक कधीकाळचं श्रीमंत घर, आता आजी आणि नात एवढीच उरलेली. घरात मळानं काळं पडलेलं एक ताट. फेरीवाला येतो, सुईनं ताटाच्या पाठीवर रेघ ओढतो, त्याला कळतं की हे सोनं आहे. तो म्हणतो, याची कवडीही येणार नाही, आणि ताट टाकून निघतो. मागाहून फुकटात नेऊ हा बेत. मग दुसरा फेरीवाला येतो. तो म्हणतो, आई, हे ताट लाखाचं आहे, माझ्याजवळ एवढा पैसा नाही. आजी म्हणते, तू जे देशील ते दे. तो जवळचा सगळा पैसा आणि माल देतो, नदी उतरायला नावेचं भाडं तेवढं मागून घेतो आणि जातो.

ही गोष्ट आपण 'लोभ वाईट' म्हणून सांगतो आणि सोडून देतो. तिच्यात एक बारीक हिशेब आहे. दुसऱ्या फेरीवाल्यानं ताटाची पूर्ण किंमत दिली नाही. देऊच शकला नाही. त्याला फायदाच झाला. पण त्यानं किंमत सांगितली, आणि मग आजीनं ठरवलं. दोघांत फरक पैशाचा नाही. आजीला ठरवू दिलं की नाही, याचा आहे. स्नेह्यांच्या पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर तिथंच सापडलं. ज्ञानाची फी घ्या, जरूर घ्या. पण फी सांगून घेतात. डॉक्टर रोग लपवून फी घेत नाही.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर तर वऱ्हाडाच्या मातीतच आहे. शकुंतलेची दुसरी फांदी मूर्तिजापुरातून कारंज्यावरून यवतमाळला जायची. त्या कारंज्यात १८८६ मध्ये देशातला पहिला नियमनाखालचा कापूस बाजार बसला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता कापूस-धान्य बाजाराचा कायदाच झाला. का करावा लागला? शेतकऱ्याला आपल्या कापसाची प्रत आणि मुंबईचा भाव कळत नव्हता. घेणाऱ्याला दोन्ही कळत होतं. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरे, आणि माल ज्याचा त्यालाच तो ऐकू येत नसे. वर कडता, अडत, तोलाई. शेतकरी संध्याकाळी पैसे घेऊन गाडी जुंपे तेव्हा तोही खूशच असे. खूश होता म्हणून नागवला गेला नाही, असं आपण म्हणतो का? आपल्या आज्यापणज्यांना ज्या रुमालाखाली बसवलं, तोच रुमाल आपण काकूपुढं धरायचा?

आणि हे उमगल्यावर मला दिसलं की खोटा पितळी कर्णा विकणारा आणि खरी पेटी भंगाराच्या भावात घेणारा यांत फार अंतर नाही. एक खोट्याला खरं म्हणतो, दुसरा खऱ्याला बिनकामाचं समजू देतो. पहिल्याला आपण ठग म्हणतो, दुसऱ्याला पारखी. दोघंही जगतात ते समोरच्याच्या न कळण्यावर.

"तिनं विचारलं म्हणून तुम्ही सांगितलं," स्नेही म्हणाले. "नसतं विचारलं तर?" प्रश्न नेमका होता. काकूला विचारायचं सुचलं. ज्याला काय विचारावं हेच माहीत नाही त्याचं काय? मला वाटतं, त्यालाच सांगायची जबाबदारी जास्त. जातकातल्या आजीनं कुठं विचारलं होतं?

राहिला तिसरा मुद्दा. त्याची किंमत मोजावी लागली. दोन पावसाळे गेले. तिसऱ्यात वाड्याची मागची भिंत बसली. काकू शेजारी होती म्हणून वाचली. पेटी मलब्याखाली गेली, तबकड्यांचे तुकडे झाले. लाखेची तबकडी वाकत नाही, फुटते. त्यातल्या एखाद्या गाण्याची दुसरी तबकडी कुठं उरली असेल की नाही, कोण सांगणार? स्नेही घरी आले, खुर्चीत बसले आणि एवढंच म्हणाले, "एक '१०२' गेलं, मास्तर. तुमच्या खऱ्यापायी."

खोटं नव्हतं ते. रस्त्यापलीकडून ऐकणाऱ्या माणसांचाही त्या आवाजावर हक्क होता असं मी वर म्हटलं. तो हक्कही त्या मलब्यात गेला. स्नेह्यांकडं ती पेटी वाजली असती, त्यांनी ती चार लोकांना ऐकवली असती. खरं बोलल्यानं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. पुष्कळदा होत नाही. पण वस्तू काकूची होती. किंमत माहीत असूनही ती घरात सडू द्यायचा हक्क तिचा होता. किंमत माहीत नसताना तिला ती विकायला लावायचा हक्क आमचा नव्हता. गेल्याचं दुःख मला आहे, सांगितल्याचं नाही. ही दोन वेगवेगळी खाती आहेत, त्यांची वजाबाकी करता येत नाही.

मग प्रत्येक वेळी, प्रत्येकाला, सगळंच सांगायचं का? नाही. अकोल्यात एका घरी बाजाला तेल द्यायला बोलावलं होतं. मुलांनी वडिलांच्या पंचाहत्तरीला मोठ्या शहरातून आणलेला, पितळी कर्ण्याचा. पाहताक्षणी कळलं, नवा जोडलेला. मोठ्या मुलानं अंगणात विचारलं, "काका, किती जुना असन?" त्यानं विचारलं, पैसेही त्याचेच होते, मी सांगून टाकलं. तो गप्प झाला. म्हणाला, "बाबाले नका सांगू." आत म्हातारबाबा डोळे मिटून नाट्यगीत ऐकत होते. त्यांना काही विकायचं नव्हतं, घ्यायचं नव्हतं. माझ्या सांगण्यानं त्यांचा कोणताही निर्णय बदलणार नव्हता, फक्त संध्याकाळ बिघडली असती. मी तेल दिलं, ब्रेकचं चामडं बदललं. निघताना बाबा हळूच म्हणाले, "मास्तर, कर्णा नवा हाये, मले मालूम हाये. आमच्या मालकाच्या घरचा असा नव्हता. पन पोट्ट्यानं हौसेनं आनला, त्याले नका सांगू." बापलेकांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि त्यात कोणीच फसलं नव्हतं.

आता दिवस बदलले. काकूसारखं न कळणं राहिलं नाही, असं लोक म्हणतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. पण मोबाईलवर भाव दिसतो तो मागणाऱ्याचा, मिळालेला नव्हे; आणि पुष्कळदा त्याच पितळी कर्ण्यांचा. अकोटकडचा एक तरुण मोडकी पेटी घेऊन आला. कापूस गेला होता, बँकेचा हप्ता थकला होता. मोबाईल पुढं करून म्हणाला, "पाच लाख येतेत म्हनते ना याचे?" त्याला सांगावं लागलं की बाबा, दुरुस्त केल्यावर काही हजार येतील, त्यावर नाही. त्याचा चेहरा उतरला. पूर्वी भाव वाढवून सांगायला मन मोठं लागायचं. आता कमी सांगायलाही लागतं. अवघड हे दुसरंच, कारण कमी सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तरी त्याला आणखी दोघांकडं पाठवलं, त्यांचे पत्ते दिले. खरं सांगणारानं पडताळून पाहायचा रस्ताही दाखवावा, नाहीतर आपलं खरं आणि दुसऱ्याचं खोटं ऐकणाऱ्याला सारखंच.

माझं पक्कं मत झालंय ते एवढं: जिथं समोरच्याचा व्यवहार आपल्याला कळलेल्या गोष्टीवर टेकलेला आहे, तिथं ती गोष्ट आपली एकट्याची नाही. जास्त येवो, कमी येवो, विचारो, न विचारो. सांगून झाल्यावर घासाघीस करावी, फी घ्यावी, नफाही घ्यावा. व्यवहार म्हणजे पाप नव्हे.

शेवटी ही गोष्ट बाजापुरती राहत नाही. मृगाच्या तोंडावर मी बियाण्याच्या दुकानात उभा राहतो. पाकिटावर कपाशीचं सुंदर चित्र असतं. आत काय आहे ते काउंटरपलीकडच्या माणसाला माझ्याहून जास्त माहीत असतं. दवाखान्यात, तहसीलीत, बँकेत तसंच. वाड्यात मी जाणता होतो, इथं मी काकू आहे. त्या दुकानदारानं मला जे सांगावं असं मला वाटतं, तेवढंच मी काकूला सांगितलं होतं.